टर्बो बदला म्हणाले, आम्ही आधी पाईप पाहिला

२०२४ च्या हिवाळ्यात आमच्या पिकअपचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग, उशिरा लागायला लागला. पाय दाबला की आधी काहीच नाही, मग काळा धूर, मग एकदम झटका. अमरावतीत एका वर्कशॉपमध्ये नव्या टर्बोचं ३४,५०० रुपयांचं एस्टिमेट मिळालं, फिटिंगचे ५,००० आणि जीएसटी वेगळा. शेवटी टर्बो जुनाच राहिला आणि फिल्टरपासून पीयूसीपर्यंत सगळं मिळून १३,९३० रुपयांत काम झालं. अचलपूर-चांदूरबाजार पट्ट्यात गावागावात पिकअप आहेत आणि या तक्रारीवर जेवढी गॅरेजं तेवढी औषधं. म्हणून कोणत्या तपासणीने काय कळलं, कुठे वेळ गेला, हे सविस्तर लिहितोय.

गाडी बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा), अडीच लिटरचं कॉमनरेल इंजिन, सेकंडहँड घेतलेली. घरी संत्र्याची बाग आहे. आंबिया बहराची तोड सुरू झाली की गाडीला उसंत नसते. शिवाय चिखलदऱ्याच्या एका किराणावाल्याचं दर आठवड्याचं भाडं आहे. परतवाड्याहून चिखलदरा म्हणजे सातशे मीटरच्या वर चढ, त्यातली खरी वळणं धामणगाव गढी सोडल्यावर. टर्बोची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगला रस्ता आमच्याकडे तरी नाही.

२०२४ ची दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच झाली. तिच्यानंतरच्या पहिल्याच भाड्याला दुखणं कळलं. मागे तेलाचे डबे, तांदळाचे कट्टे, साखर, दीड टनाच्या आसपास माल. आखूड वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, आरपीएमचा काटा १,४०० वर. वळण सुटता सुटता एक्सलेटर पूर्ण दाबला तर इंजिनचा आवाज होता तसाच. एक, दोन, तीन म्हणून होईपर्यंत गाडी रांगत होती, आरशात काळा ढग, मागचा मोटारसायकलवाला तोंडाला रुमाल लावतोय. काटा २,००० कडे गेला आणि गाडीने एकदम उचल खाल्ली. तोवर पुढचं वळण आलेलं, म्हणजे पुन्हा ब्रेक, पुन्हा तेच. घाट संपेपर्यंत माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला होता.

थोडा उशीर हा प्रत्येक टर्बोला असतोच. सायलेन्सरकडे जाणारी गरम हवा टर्बोचं एक चाक फिरवते, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. ते चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. तेवढा वेग यायला सायलेन्सरकडून पुरेसा जोर यावा लागतो, आणि खालच्या आरपीएमवर तो नसतो. म्हणून १,२०० वर पाय दाबून टर्बोला शिव्या देण्यात अर्थ नाही. पण आमची गाडी याच घाटात याच लोडवर १,५०० पासून व्यवस्थित ओढायची. आपल्या गाडीचा हा आकडा चांगल्या दिवसात माहीत करून ठेवावा. मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो तो ‘आधी कशी होती?’ हाच.

दुसरी खूण डिझेलची. लोडवर अकराच्या आसपास पडणारं अ‍ॅव्हरेज साडेआठवर आलं होतं.

गावाजवळच्या मिस्त्रीने गाडी पाहिली आणि म्हणाला, “क्लच गेला असंन भाऊ.” हे लवकर तपासता येतं. क्लच घसरत असेल तर आरपीएम चढतो आणि गाडी मागे राहते. आमच्याकडे आरपीएमच चढत नव्हता. त्याला तसं म्हटल्यावर त्यालाही पटलं. मग त्याने एअर फिल्टर काढला. सोयाबीनच्या मळणीचा काळ, फिल्टर आपटला तर ओंजळभर भुसा पडला. डिझेल फिल्टरही मुदत ओलांडून गेलेला. दोन्ही नवे टाकले, १,४५० रुपये. गाडी थोडी मोकळी झाली, पण वळणावरचा उशीर जागच्या जागी. तरी हे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. फिल्टर तुंबलेला ठेवून पुढची कोणतीही तपासणी केली तर तिचे आकडे फसवतात.

इथेच पहिल्यांदा तो सल्लाही मिळाला: “ईजीआरले पत्रा मारून बंद करून टाका, गाडी पळते.” आमच्याकडे हा सल्ला चहाच्या टपरीवरही मिळतो. ईजीआर म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या हवेतली थोडी परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह. तो उघडा अडकला तर गाडी मंद होते आणि धूरही मारते हे खरं, त्यामुळे तो काढून साफ करण्यात काही गैर नाही. पण कंपनीने प्रदूषणासाठी दिलेला भाग पत्रा मारून बंद करणं कायद्यात बसत नाही. मिस्त्रीने तो काढून पाहिला, काजळी होती पण झडप मोकळी उघडझाप करत होती. पुसून परत बसवला.

घाई व्हायचं कारण वेगळंच होतं. गाडीचं फिटनेस २० जानेवारीला संपत होतं. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस घ्यावं लागतं, त्यानंतर दरवर्षी. त्याला पीयूसी चालू हवं, आणि आमचं पीयूसी नोव्हेंबरातच संपलं होतं. पेट्रोल पंपावरच्या केंद्रात गेलो. डिझेल गाडीची तपासणी म्हणजे सायलेन्सरमध्ये नळी घालून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, एक्सलेटर एकदम पूर्ण दाबायचा आणि सोडायचा, असं परत परत. यंत्र धुराची दाटी मोजतं. बीएस-४ डिझेलला मर्यादा १.६२ आहे, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. आमची आली २.३८. केंद्रातला पोरगा म्हणाला, “दादा, जुन्या गाडीचं असतं तर पास होतं.” आमची जुनी नव्हती. नापास, आणि दीडशे रुपये गेले ते गेले. एक सांगतो, तिथे ‘करून देतो’ म्हणणारेही भेटतात. आकडा यंत्रातून थेट ऑनलाइन जातो, त्या भानगडीत पडू नये. आणि तसंही, धूर काळा होता याचा अर्थ डिझेलच्या मानाने हवा कमी पडत होती. मला त्या आकड्याचा पुढे उपयोगच झाला.

१८ नोव्हेंबरच्या सोमवारी गाडी अमरावतीला नेली. २० तारखेला विधानसभेचं मतदान, त्यामुळे वर्कशॉपमधली निम्मी माणसं सुट्टीच्या तयारीत. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, ८०० रुपये. कोड आला पी-०२९९. तिथल्या सुपरवायझरने कागद छापून दिला आणि म्हणाला, टर्बो गेला, नवा टाकावा लागेल. मी विचारलं, गाडी चालवून पाहिली का? म्हणाला, कोडच टर्बोचा आहे, चालवायची गरज काय? एस्टिमेट मात्र लेखी मागून घेतलं. ते मागावंच, कारण तोंडी आकडा घरी पोचेपर्यंत बदलतो.

परत येताना गाडीत आम्ही दोघंच, मी आणि बाबा. वलगावपर्यंत कुणी बोललं नाही. मग बाबा म्हणाले, “एवढ्या पैशात बैलजोडी येत नाही आता, पण एक बैल तर येते.” हसायला आलं नाही. संत्र्याला भाव बेताचा होता, मजुरी द्यायची होती, गव्हाच्या पेरणीचं खत उधारीवर आणलेलं. रात्री झोप लागेना, तेव्हा मोबाइलवर त्या कोडचा अर्थ शोधत बसलो. पी-०२९९ म्हणजे टर्बोचा दाब हवा तेवढा तयार होत नाही, एवढंच. का होत नाही, हे तो सांगत नाही. पाईप फाटला असेल, क्लिप ढिली असेल, अ‍ॅक्च्युएटरला (टर्बोच्या आतल्या पात्या हलवणाऱ्या डब्याला) व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, मिळत नसेल, त्या पात्याच अडकल्या असतील, दाब मोजणारा सेन्सर खोटं बोलत असेल, सायलेन्सर तुंबला असेल किंवा खरंच टर्बो गेला असेल, कोड हाच येऊ शकतो. ओलिताचा पाईप मधेच फुटला तर वाफ्यात पाणी पोचत नाही, म्हणून कुणी मोटार बदलत नाही. आमच्या बाबतीत थेट मोटारच बदलायला निघाले होते.

परतवाड्यात एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पूर्वी सागवानाच्या ट्रकांचं काम करायचे, आता पिकअप आणि ट्रॅक्टर. त्यांच्याकडे स्कॅनर नाही. त्यांनी एस्टिमेट वाचलं, घडी घालून माझ्या खिशात परत ठेवलं आणि विचारलं, “धूर चढावर मारते का पट्टीवर? लोड असला का रिकामी?” मी म्हटलं, लोडवर, चढावर. आणि काच उघडी असली तर दाब येताना कुठेतरी ‘सुस्स’ असा आवाज येतो. “मंग आधी हवा पाहू. टर्बो कोठी पळून नाही चालला.”

ही तपासणी मी मुद्दाम नीट लिहितोय, कारण ती कुठल्याही गॅरेजात होऊ शकते आणि कुणी आपणहून करत नाही. एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारा पाईप काढला. टर्बोच्या तोंडाशी पीव्हीसीचं टोपण बसवलं, त्या टोपणाला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह लावलेला. दुसऱ्या टोकाला, इंजिनात हवा शिरते त्याच्या अलीकडे, असंच टोपण. म्हणजे मधला सगळा रस्ता, टर्बो, इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि त्याचे दोन्ही पाईप, बंद झाला. मग कॉम्प्रेसरने हवा भरली. चाचांनी रेग्युलेटर १५ पीएसआयच्या पुढे जाऊ दिला नाही आणि मला टोपणाच्या समोरून बाजूला व्हायला सांगितलं. टोपण सुटलं तर दात पाडतं. इंजिन अर्थातच बंद, आणि थंड.

निरम्याचं पाणी बाटलीने प्रत्येक जोडावर मारलं. वरच्या क्लिपा कोरड्या. इंटरकूलर कोरडा. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा जाड होज पाईप वरून अगदी नव्यासारखा, हाताने दाबला तरी ठीक. चाचा खाली झोपले, टॉर्च मारली आणि म्हणाले, “ये इकडं.” पाईपच्या खालच्या बाजूला, जिथे तो लोखंडी पट्टीला घासत होता, तिथे तेल आणि धूळ मिळून काळा चिखल जमला होता. त्या चिखलातून फेस येत होता, भराभर. चिखल पुसला तर बोटभर लांब चीर. हवा सोडली की चीर मिटायची, हवा भरली की ओठ उघडायचे. म्हणूनच उभ्या गाडीत कुणाला दिसत नव्हती. पाईप काढून आत बोट घातलं, तर आतला रबराचा थर सुटून लोंबत होता. म्हणजे हवा बाहेरही जात होती आणि आतही अडत होती. तपासणीचे ३०० रुपये.

तेल दिसल्यावर मी घाबरलो होतो. टर्बोच्या पाईपात तेलाचा हलका ओलावा असणं साधारण आहे, इंजिनच्या श्वासाबरोबर येतो. पाईपातून तेल ओतलं जावं इतकं असेल तर मात्र काळजी.

आता पाईप. परतवाड्यात मिळाला नाही. अमरावतीच्या पार्टवाल्याने चेसिस नंबर दिल्याशिवाय बोलायलाच नकार दिला आणि त्याचं बरोबर होतं. एकाच मॉडेलमध्ये मधल्या काळात पाईपचं वळण बदललेलं असतं. आरसी बुक घरी, मी दुकानात. मग आईने फोटो काढून पाठवला, तोही हलला. तेव्हापासून आरसी, विमा आणि चेसिस प्लेटचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. पार्ट नागपूरहून येणार होता. “परवा येईल” असं सांगितलं, आला आठवड्यानंतर. तोवर शेजाऱ्याच्या गाडीने संत्री बाजारात गेली, आणि त्या भाड्याचा हिशेब मी वरच्या रकमेत धरलेला नाही, धरवत नाही. चिखलदऱ्याच्या भाड्यालाही दुसऱ्याला सांगावं लागलं. गिऱ्हाईक त्याच्याकडेच राहतं की काय, ही धास्ती पैशापेक्षा मोठी होती.

पाईप १,८५०. साध्या क्लिपांऐवजी बोल्टाच्या रुंद क्लिपा घेतल्या, दोन मिळून ३००. चाचांनी पाईप बसवताना पट्टी थोडी वाकवली आणि मधे रबराचा तुकडा दिला. नाहीतर नवा पाईपही तिथेच घासून फाटला असता. कारण तसंच ठेवून पार्ट बदलणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही.

गाडी घाटात घातली. धूर जवळजवळ गेला. २,००० च्या वर गाडी पूर्वीसारखी ओढत होती, ‘सुस्स’ आवाज बंद. पण आखूड वळणावर, खालच्या आरपीएमवर, तो मेला उशीर अजून होताच. कमी झाला होता, गेला नव्हता. खरं सांगतो, अमरावतीवाल्याचंच बरोबर निघतं की काय, असं त्या वेळी वाटलं. बाबांनी तर टर्बोच्या पैशासाठी सोसायटीत विचारूनही ठेवलं होतं.

परतवाड्यात एक तरुण पोरगा मोबाइलवर चालणारा स्कॅनर घेऊन फिरतो. ५०० रुपये घेतो, पण शेजारी बसून गाडी चालवायला लावतो. त्याने आधी इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन केली. इनटेकच्या, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या, दाबाचा आकडा आला ९७ किलोपास्कल. “दादा, आपल्याकडे बाहेरच्या हवेचा दाब एवढाच असतो, म्हणजे सेन्सर खरं बोलून राह्यला.” ही पायरी मला फार आवडली. सेन्सर बदला म्हणणाऱ्याला आधी हा आकडा विचारावा. मग धामणगावच्या रस्त्याला गाडीत माल ठेवूनच तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. १,६०० वर गाडीचा कॉम्प्युटर १९० किलोपास्कल दाब मागत होता आणि मिळत होते १२८. २,३०० ला दोन्ही आकडे जुळले. पाईप गळत असता किंवा टर्बोच खलास असता तर वरही कमी पडलं असतं. इथे वर सगळं ठीक होतं आणि फक्त खाली अडत होतं. म्हणजे संशय पात्यांवर, नाहीतर त्या हलवणाऱ्या व्हॅक्यूमवर.

आमच्यासारख्या व्हेरिएबल टर्बोत सायलेन्सरच्या बाजूला छोट्या पात्यांचं एक कडं असतं. आरपीएम कमी असताना पात्या मिटून वाट अरुंद करतात, त्यामुळे थोडी हवाही जोरात चाकावर आदळते. आरपीएम वाढला की उघडतात. त्यांना हलवणारी एक दांडी असते आणि तिला ओढणारा पत्र्याचा डबा, म्हणजे अ‍ॅक्च्युएटर. त्या डब्याला व्हॅक्यूम मिळतं ते इंजिनच्या व्हॅक्यूम पंपाकडून. तोच पंप ब्रेकलाही मदत करतो, म्हणून उशिराबरोबर ब्रेकचं पेडलही कडक लागत असेल तर मिस्त्रीला जरूर सांगावं. घरी पाहायची सोपी खूण: बॉनेट उघडून एकाने दांडीवर नजर ठेवावी, दुसऱ्याने गाडी सुरू करावी. सुरू होताच दांडी आत ओढली जायला हवी, बंद केल्यावर परत यायला हवी. हात घालू नये, तिथलं सगळं भाजतं.

आमची दांडी ओढली जायची, पण अर्धवट. चाचांनी गेज लावला. पंपापाशी २४ इंच व्हॅक्यूम, अगदी उत्तम. अ‍ॅक्च्युएटरपाशी १५. मधे नऊ इंच कुठे गेले म्हणून नळीवर हात फिरवत गेलो, तर मागच्या बाजूला एक तुकडा वेगळाच लागला. आधीच्या मालकाने फवारणीच्या पंपाची नळी कापून जोडली होती! ती उष्णतेने कडक होऊन जोडावर चिरली होती. चाचा शिवी देणार होते, बाबांकडे पाहून थांबले. योग्य मापाची व्हॅक्यूम नळी १८० रुपयांची.

नळी बदलून गेज २४ वर आला, पण दांडी अजून मधेच थांबत होती. मग हातपंपाने थेट डब्याला व्हॅक्यूम दिलं. सुई स्थिर राहिली, म्हणजे डब्याचा पडदा शाबूत. दांडी मात्र अर्ध्यापर्यंत सरकायची, अडायची, आणि जोर वाढवला की टक्कन उडी मारायची. आत काजळी. टर्बो खोलावा लागणार होता.

“एकदा उघडला की गेला समजा,” हे वाक्य मी तोवर बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं, त्यामुळे ते दोन दिवस वाईट गेले. डिसेंबरचा मध्य, थंडी कडक, आणि सायलेन्सरकडचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. रात्रभर तेल मारून ठेवलं. सकाळी बाकीचे सुटले, एक तुटला. लेथवाल्याने तुटक्या स्टडवर नट वेल्ड करून तो बाहेर काढला, २५० रुपये. गास्केटचा सेट ९०० रुपये, तोही अमरावतीहून एसटीच्या पार्सलने.

खोलण्याआधी चाचांनी दोन्ही भागांवर छिन्नीने खूण केली. परत तशाच कोनात बसलं पाहिजे, नाहीतर तेलाची नळी जुळत नाही. मग मला म्हणाले, “बोटानं हालवून पाह्य.” टर्बोचा दांडा आडवा किंचित हलत होता, पुढे-मागे अजिबात नाही. आडवं थोडं हलणं ठीक असतं, कारण चालू असताना तेलाचा थर ती जागा भरतो. पुढे-मागे हलला किंवा चाक कडेला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो खरोखर गेला. आमच्या चाकाच्या कडा धडधाकट होत्या. बाबांनीही बोट लावून पाहिलं आणि पहिल्यांदा चहा सांगितला.

पात्यांच्या कड्यात काजळी इतकी बसली होती की काही पात्या हलत होत्या आणि बाकीच्या नाही. कार्बन क्लीनरमध्ये भिजवून, ब्रशने, मग परत भिजवून, दुपार गेली. दांडीच्या टोकाला एक स्क्रू असतो, पात्या किती मिटाव्यात ते ठरवणारा. तो चाचांनी स्वतःही फिरवला नाही आणि मला हातही लावू दिला नाही. तो कारखान्यात लावलेला असतो, अंदाजाने फिरवला तर नवं दुखणं. शेवटी दांडी दोन बोटांनी लोण्यात फिरावी तशी सरकायला लागली. तेलाच्या नळीच्या बोल्टातलं भोकही साफ केलं, इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला (२,६०० रुपये), आणि गाडी सुरू करण्याआधी टर्बोत थोडं ऑइल ओतून हाताने चाक फिरवून घेतलं. कोरडा टर्बो सुरू झाला तर पहिल्या मिनिटातच खराब होऊ शकतो. खोलणं, साफ करणं, बसवणं, सगळी मजुरी ४,५००. बिल साध्या कागदावर, पण तारीख आणि किलोमीटर टाकून घेतले.

स्कॅनरवाल्या पोराने दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, चहावर भागलं. तोच रस्ता, तोच गिअर, १,६०० ला मागणी १९० आणि मिळत होते १८४. मी गाडी चालवत होतो, तो आकडे मोठ्याने वाचत होता, आणि मला घाटातली सगळी वळणं आठवत होती.

पीयूसी १.६२ च्या मर्यादेत ०.८७ ने पास झालं, पुन्हा दीडशे रुपये. त्यानंतर फिटनेसची फी परिवहन पोर्टलवर भरली, १६ जानेवारीची अपॉइंटमेंट मिळाली. जाताना आरसी, विमा, पीयूसी, टॅक्सची पावती, रिफ्लेक्टर टेपचं आणि स्पीड गव्हर्नरचं प्रमाणपत्र लागतं. टेप नुसती लावून चालत नाही, तिचा कागदही विचारतात. मागचा एक दिवा लागत नव्हता म्हणून रांगेतून बाहेर काढलं, बल्ब बदलून परत रांगेत लागलो. दुपारी काम झालं.

आता लोडवरून आलो की गाडी लगेच बंद करत नाही, मिनिटभर रिकामी चालू ठेवतो, म्हणजे तापलेल्या टर्बोत तेल फिरत राहतं. ऑइल किलोमीटर पाहून बदलतो, आणि महिन्यातून एकदा बॉनेट उघडून दांडी पाहतो. घाटात गाडी १,५०० पासून ओढते. अ‍ॅव्हरेज लोडवर पुन्हा अकराला टेकलं आहे.

हे अ‍ॅव्हरेजचं मी हौसेने चिखलदऱ्याच्या किराणावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, “मंग भाड्यात शंभर कमी करा ना भाऊ, डिझेल वाचून राह्यलं तुमचं.” त्याला चाचांचं बिल दाखवलं. पन्नासावर तुटलं.